पंप, पावडर की नेब्युलायझर? दम्याचं औषध छातीपर्यंत पोहोचतं कसं

आई पंप घ्यायची तेव्हा तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा धूर बाहेर यायचा. आम्हा सगळ्यांना वाटायचं, पंप घेताना असंच होत असणार. चार वर्षं असंच चाललं. दर पावसाळ्यात धाप वाढायची, औषध बदलून मिळायचं, एक पंप जाऊन दुसरा यायचा आणि आई म्हणायची, "मला नाही बाई हे लागू पडत." शेवटी छातीच्या एका डॉक्टर मॅडमनी तिला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "घरी घेता तसा घेऊन दाखवा बरं." आईने घेऊन दाखवला. मॅडम म्हणाल्या, "आजी, आत्ता तो धूर बाहेर आला ना, तेच तुमचं औषध."

त्या दिवसापासून मी हा विषय सोडलेला नाही. 2025 च्या जागतिक दमा दिवसाचा विषयच मुळी श्वासावाटे घ्यायची औषधं सगळ्यांना मिळावीत, हा होता. तो अगदी योग्य आहे, कारण जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण 13 टक्के रुग्ण भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा 40 टक्क्यांच्या वर असल्याचा अंदाज आहे. औषध मिळत नाही हे त्याचं एक कारण. मिळालेलं औषध घशातच राहतं, हे दुसरं. आणि त्यावर घरात बसूनही पुष्कळ काही करता येतं.

गोळी का नको?

दम्यात फुफ्फुसांतल्या बारीक नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, नळ्यांना आतून सूज येते आणि चिकट कफ साठतो. आवळलेले स्नायू सैल करून नळ्या रुंद करणाऱ्या औषधाला ब्रॉन्कोडायलेटर म्हणतात. आपण त्याला नळ्या मोकळ्या करणारं औषध म्हणू. त्यातलं सगळ्यात ओळखीचं म्हणजे साल्ब्युटामॉल. ते 1969 पासून वापरात आहे आणि बहुतेकदा निळ्या पंपात असतं.

हेच औषध गोळीतही मिळतं, पातळ औषधाच्या बाटलीतही मिळतं. आता आकडे बघा. एक गोळी 4 मिलिग्रॅमची असते आणि पंपाचा एक फवारा 100 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांचं औषध. गोळी आधी पोटात विरघळणार, मग रक्तात जाणार, सगळ्या अंगभर फिरणार आणि त्यातला थोडा भाग छातीत पोहोचणार. तोवर अर्धा तास गेलेला असतो, हात थरथरायला लागलेले असतात आणि छातीत धडधडत असतं. फवारा नीट घेतला तर पाचएक मिनिटांत मोकळं वाटू लागतं. कुंडीतल्या एका रोपासाठी अख्ख्या अंगणात पाणी सोडायचं की झारीने त्याच्या मुळाशी घालायचं, असा हा फरक आहे.

झारीचं पाणी मुळाशी पडलं पाहिजे, एवढीच अट. सगळी गोम तिथे आहे.

घशातलं वळण

तोंडातून छातीकडे जाणारा रस्ता सरळ नाही. घशाशी तो जवळजवळ काटकोनात खाली वळतो. घाटात भरधाव आलेली गाडी वळणावर न वळता सरळ कठड्यावर आदळते, तसंच औषधाच्या कणांचं होतं. कण जड असेल किंवा फार वेगात असेल, तर तो घशाच्या मागच्या भिंतीला चिकटतो. तिथून तो गिळला जातो आणि पोटात जातो.

छातीत खोल जायला कण साधारण 1 ते 5 मायक्रॉनचा लागतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना येईल. याहून मोठे कण घशात अडकतात आणि फार बारीक कणांतले बरेचसे श्वासाबरोबर परत बाहेर पडतात. बाजारात मिळणारं प्रत्येक साधन याच अडचणीवर आपापल्या परीने तोडगा काढतं. तो तोडगा काय आहे ते कळलं की कुठलं साधन कसं वापरायचं हे पाठ करावं लागत नाही.

पंप: सावकाश श्वासाचं साधन

पंपाचा जन्म एका मुलीच्या प्रश्नातून झाला. 1955 साली अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या प्रमुखांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तेव्हा औषध फवारायचं ते काचेच्या भांड्यातून, रबरी फुगा दाबून. सांभाळायला नाजूक आणि कटकटीचं. तिने वडिलांना विचारलं, केसांवर मारायचा स्प्रे असतो तशा डब्यात माझं औषध का देत नाहीत? पुढच्याच वर्षी, 1956 मध्ये, पहिला पंप बाजारात आला. आज आपण खिशात ठेवतो तो मुळात तोच.

धातूच्या छोट्या डबीत औषध आणि दाबाखाली द्रव केलेला वायू एकत्र भरलेले असतात. डबी दाबली की ठरावीक मापाचा एक फवारा प्रचंड वेगाने बाहेर पडतो. ढकलायचं काम वायू करतो, त्यामुळे श्वासाला जोर लावावा लागत नाही. उलट जोर लावला तर आधीच भरधाव असलेले कण आणखी वेगाने घशावर आदळतात. म्हणून पंपाचा श्वास सावकाश आणि खोल हवा, गरम चहाचा घोट जपून ओढतो तितका संथ.

क्रम असा. पंप हलवायचा, कारण औषध तळाशी बसलेलं असतं. श्वास पूर्ण सोडायचा. तोंडाचा भाग दातांमध्ये धरून ओठ मिटायचे. सावकाश श्वास आत घ्यायला सुरुवात केली की लगेच एकदा दाबायचं आणि श्वास न थांबवता पुढचे तीन ते पाच सेकंद ओढतच राहायचा. मग तोंड मिटून दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा, म्हणजे कणांना नळ्यांवर बसायला वेळ मिळतो. दुसरा फवारा लागणार असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून पुन्हा पहिल्यापासून. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर सोबतच्या कागदावर लिहिलेत तितके फवारे आधी हवेत सोडायचे.

आई काय करत होती? ती आधी दाबायची आणि मग श्वास घ्यायची. मधला तो एक सेकंद, त्यात सगळं औषध तोंडात पसरून जायचं. शिवाय घशाला गार लागलं की ती दचकून श्वास मध्येच थांबवायची. या दोन्ही चुका फार जण करतात. सगळं नीट केलं तरी साध्या पंपातलं साधारण 10 ते 20 टक्केच औषध छातीत जातं. चुकलं तर जवळपास काहीच नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. 1975 ते 2014 या चाळीस वर्षांत जगभर झालेले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा इनहेलर बिनचूक वापरणारे जेमतेम 31 टक्के निघाले. चाळीस वर्षांत त्यात सुधारणाही झाली नव्हती.

स्पेसर: रिकाम्या डब्याची करामत

स्पेसर म्हणजे प्लास्टिकचा पोकळ नळा. एका टोकाला पंप बसतो, दुसऱ्या टोकाला आपलं तोंड. आत ना मशीन, ना बॅटरी. तरीही या सगळ्या साधनांत मला सर्वात जास्त आदर त्याचा वाटतो.

फवारा सुटतो तो आधी या पोकळीत. तिथे त्याचा वेग मरतो, मोठे कण प्लास्टिकच्या भिंतीवरच बसतात आणि बारीक कणांचा ढग क्षणभर तरंगत राहतो. म्हणजे दाबणं आणि श्वास घेणं एकाच क्षणी जमवण्याची कसरत संपली. दाबा आणि लगेच सावकाश आत ओढा. एका दमात जमत नसेल तर साधेच चार-सहा श्वास घ्या. औषध छातीत जास्त जातं, घशात कमी राहतं.

"अहो, ते लहान मुलांचं असतं," असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. लहान मुलांना त्याच्याशिवाय चालत नाही हे खरं, आणि अगदी लहानांना त्यावर मास्कही लागतो. पण सांध्यांच्या दुखण्याने बोटं वाकलेली आजी, धाप लागून घाबरलेला चाळिशीचा माणूस, यांना स्पेसरचा तितकाच फायदा होतो. आईचा प्रश्न शेवटी स्पेसरनेच सुटला. औषध तेच, मात्राही तीच.

स्पेसरच्या बाबतीत दोन गोष्टी बहुधा कुणी सांगत नाही. एक, एका वेळी एकच फवारा. चार फवारे एकदम भरून ओढले तर कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात. दोन, धुतल्यावर फडक्याने पुसायचा नाही. प्लास्टिकच्या कंगव्याने केस विंचरल्यावर तो कागदाचे कपटे ओढतो, तसाच पुसलेला स्पेसर औषधाचे कण ओढून धरतो. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचा आणि आपोआप वाळू द्यायचा.

आणि विकतचा स्पेसर नसेल तर? 1999 मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या डॉक्टरांनी पाण्याची 500 मिलिलिटरची साधी प्लास्टिकची बाटली घेतली, तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडलं, पंप बसवून सांध गोंदाने बंद केली आणि दम्याने बेजार झालेल्या मुलांना त्यातून औषध दिलं. विकतच्या स्पेसरइतकाच गुण आला. थर्माकोलच्या पेल्याने मात्र तेवढं काम केलं नाही. गावातल्या दवाखान्यात, शाळेत किंवा प्रवासात अडलंच, तर ही बाटली लक्षात असू द्या. भोक पाडल्यावर आतला प्लास्टिकचा चुरा झटकून मगच वापरा.

पावडर: झटकून घ्यायचा श्वास

रोटाहेलर हे नाव आपल्याकडे घरोघरी झालंय. कॅप्सूल आत घालायची, फिरवून ती उघडायची आणि आतली पावडर श्वासाने ओढायची. अनेक मात्रा आतच भरलेली, दर वेळी एक मात्रा पुढे सरकवणारी साधनंही मिळतात. तत्त्व सगळ्यांचं एकच.

इथे ढकलणारा वायू नाही. औषधाचे बारीक कण दूधसाखरेच्या मोठ्या कणांना चिकटून असतात आणि ते सोडवायची ताकद तुमच्या श्वासानेच द्यायची असते. गोधडी हळूच थोपटली तर धूळ निघत नाही, जोरात झटकली की निघते. म्हणून पावडरचा श्वास पहिल्या क्षणापासून जोरकस, एका दमात, खोल.

पंपाला सावकाश, पावडरला जोरात. एवढी एक गोष्ट या लेखातून घरी नेलीत तरी मला पुरे आहे. कारण पंपावरून रोटाहेलरवर किंवा उलट बदल झाला की माणसं जुनाच श्वास नव्या साधनावर चालवतात आणि मग "हे औषध लागू पडत नाही" असं म्हणतात.

पावडरचा फायदा मोठा आहे. दाबणं आणि श्वास यांची वेळ साधायची नसते, औषध आत गेलं की नाही हे डोळ्यांनी दिसतं आणि थोडी पावडर उरली असेल तर पुन्हा ओढता येते. साल्ब्युटामॉलची 200 मायक्रोग्रॅमची कॅप्सूल म्हणजे पंपाचे दोन फवारे, असा साधा हिशोबही आहे.

पण दोन ठिकाणी ती अडते. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांचा श्वास तेवढा जोर लावू शकत नाही, आणि दम्याच्या मोठ्या अटॅकमध्ये मोठ्यांचाही नाही. नेमकी गरज असते तेव्हाच गोधडी झटकायला हातात बळ नसतं. म्हणून रोज पावडर घेणाऱ्यानेही अडीअडचणीसाठी एक पंप आणि स्पेसर घरात ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरांना तसं विचारून घ्या.

दुसरी अडचण ओलाव्याची. कोकणात आषाढ-श्रावणात बरणीतलं मीठ कसं ओलं होऊन गोळा होतं ते आठवा. पावडरचं तेच होतं. कॅप्सूल घ्यायच्या वेळीच बाहेर काढायची, ओल्या हाताने धरायची नाही आणि साधनात कधीही फुंकायचं नाही, कारण आपला उच्छ्वासही दमटच असतो. आणि हो, ती कॅप्सूल गिळायची नसते. सांगायला विचित्र वाटतं, पण बाकीच्या कॅप्सूल गिळायच्या असतात, ही तेवढी नाही, हे कुणी सांगितलंच नसेल तर माणूस गिळणारच. त्यात त्याची चूक नाही.

नेब्युलायझर जास्त जोरदार असतो ना?

हा समज सगळ्यात पक्का बसलेला आहे. दवाखान्यात नेलं, मशीन लावलं, मास्कमधून धूर आला, पोर दहा मिनिटांत शांत झालं. डोळ्यांनी दिसलेलं माणूस विसरत नाही.

आधी एक गोष्ट. आपण तिला "वाफ" म्हणतो, पण ती वाफ नाही. मशीनची हवा पातळ औषधाचं बारीक गार धुकं करते. पातेल्यातल्या गरम पाण्याच्या वाफेने दम्याच्या आवळलेल्या नळ्या सुटत नाहीत, उलट मुलं भाजतात. या दोन्हींना एकच शब्द वापरल्याने घरोघरी घोळ होतो.

आता जोराचं. नेब्युलायझरमध्ये साल्ब्युटामॉल साधारण 2.5 मिलिग्रॅम घालतात, म्हणजे पंपाच्या 25 फवाऱ्यांइतकं. पण त्यातलं बरंचसं खोलीत उडून जातं, काही कपात उरतं. अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून तुलना केली, तेव्हा स्पेसरमधून नीट दिलेले फवारे नेब्युलायझरच्या तोडीस तोड ठरले. स्पेसरवाली मुलं तर तातडीच्या कक्षातून लवकर घरी गेली आणि त्यांची छातीही कमी धडधडली.

मग नेब्युलायझरची गरज नाही का? आहे. रुग्ण इतका थकला असेल की सांगितलेलं काहीच करू शकत नाही, किंवा अटॅक जिवावर बेतणारा आहे आणि ऑक्सिजनसोबतच औषध द्यायचंय, तेव्हा तो लागतोच. घरी घेतलेलं मशीन मात्र वीज गेली की बंद पडतं, मास्क आणि कप नीट धुतला-वाळवला नाही तर जंतू पोसतं आणि "मशीन आहे ना घरात" या भरवशावर माणसं दवाखान्यात जायला उशीर करतात. या शेवटच्या गोष्टीची मला खरी भीती वाटते.

अटॅकच्या वेळी काय करायचं, याची ऑस्ट्रेलियातली पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे: चार-चार-चार. रुग्णाला ताठ बसवा. स्पेसरमधून एकेक करून चार फवारे, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास, मग चार मिनिटं थांबा. आराम नसेल तर 108 ला फोन करा आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा. वाक्य पुरं करता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर ती चार मिनिटंही थांबू नका, आधी फोन.

"पंपाची सवय लागते"

घरातली वडीलधारी मंडळी हे काळजीपोटी म्हणतात, म्हणून मी कधी त्यांच्यावर चिडत नाही. पंप रोज लागतो, कारण दमा रोज असतो. चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणत नाही, नजर कमी आहे म्हणतो. या औषधाचं व्यसन लागत नाही.

पण त्या म्हणण्यात खऱ्याचा एक अंश आहे, तोही सांगायला हवा. नळ्या मोकळ्या करणारं औषध आतली सूज कमी करत नाही. छप्पर गळतंय आणि आपण खाली बादली ठेवतोय, असं ते आहे. बादली लागतेच, पण कौलं शाकारायचं काम सूज कमी करणारं स्टेरॉइडचं इनहेलर करतं. म्हणूनच दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या 'जिना' या जागतिक संस्थेने 2019 पासून नुसतं साल्ब्युटामॉल पुरेसं नाही असं सांगायला सुरुवात केली. फॉर्मोटेरॉल हे पटकन काम करणारं औषध आणि सूज कमी करणारं औषध, दोन्ही एकाच इनहेलरमध्ये देण्यावर आता भर आहे. श्वासावाटे जाणारं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, ते घेतल्यावर चूळ भरून टाकली की तोंडात बुरशी येण्याचा आणि आवाज बसण्याचा त्रासही कमी होतो.

तुमचा निळा पंप तुम्हाला एक गोष्ट सांगत असतो. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा तो लागतोय, तर दमा आटोक्यात नाही. 200 फवाऱ्यांचे तीन पंप वर्षभरात संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला आहे. महिन्याला एक संपत असेल तर प्रश्न जिवाचा आहे. भेटीची तारीख येण्याची वाट बघू नका.

पंपातला वायू प्रदूषण करतो म्हणे?

करतो. ओझोनच्या थराला भोक पाडणारे जुने वायू 1987 च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने गेले. त्यांच्या जागी आलेला वायू ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त प्रभावी आहे. म्हणून युरोपात पावडरकडे वळा असा आग्रह वाढतो आहे. ज्याला पावडर नीट ओढता येते त्याने ती जरूर निवडावी. ज्याला जमत नाही त्याने पंप वापरताना मनाला लावून घेऊ नये. आटोक्यात नसलेल्या दम्यात पंप जास्त उडतात, हवेचं नुकसान कमी करण्याचा रस्ताही आधी दमा आटोक्यात आणण्यातूनच जातो.

पंप रिकामा झाला हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न लहान वाटतो, पण रात्री दोन वाजता तो लहान राहत नाही. 200 फवारे संपल्यावरही डबीतून फुस्स आवाज येतो, धूरही दिसतो. तो नुसता वायू असतो. डबी पाण्यात टाकून तरंगते का बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही, शिवाय पाण्याने तिचं तोंड खराब होतं. ज्या पंपावर उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दिसतो तो मिळत असेल तर तोच मागून घ्या. नसेल तर हिशोब करा: दिवसाला चार फवारे असतील तर 200 फवारे 50 दिवसांत संपतात.

आईच्या पंपावर चिकटपट्टीचा तुकडा आहे. त्यावर नवा पंप सुरू केल्याची तारीख ती स्वतः लिहिते, खाली संपण्याची तारीख मी लिहितो. दर भेटीला पंप आणि स्पेसर दोन्ही पिशवीतून जातात, कारण "घेऊन दाखवा बरं" असं मॅडमनी म्हणायच्या आतच तिला ते घेऊन दाखवायचं असतं.